गडांच्या वाटा : रतनगड ते हरिश्चंद्रगड

किल्ल्यांविषयी लिहिताना आपला इतिहास बहुधा तटापाशी थांबतो. किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, कोणत्या साली तो शत्रूच्या हाती गेला आणि कोणत्या साली परत आला, एवढे सांगून झाले की आपले समाधान होते. त्या तटापर्यंत माणूस कोणत्या वाटेने गेला, ती वाट कोणी राखली आणि पुढे कोणी मोडली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमचे प्रतिपादन असे की, सह्याद्रीत आधी वाट जन्मली आणि मग गड. आणि गड मेला तोही प्रथम वाटेच्याच ठिकाणी. या विधानाच्या समर्थनार्थ आम्ही एकच मुलूख निवडला आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा तो पश्चिम भाग होय. भंडारदऱ्याचा जलाशय, कोकणात कोसळणारे कडे आणि पडीक गड या तिन्ही गोष्टी येथे चालत्या माणसाला दोन-तीन दिवसांत गाठता येतात.

प्रथम भूमीचा स्वभाव पाहू. लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण बनला. देशाकडून पाहावे तर डोंगर पायरीपायरीने चढत जातात. कोकणाच्या बाजूला मात्र ते एकदम तुटतात. माणसाला तर वर-खाली करणे भागच होते. कोकणातले मीठ देशावर यावयाचे, देशावरचे धान्य बंदराकडे जावयाचे. जेथे कड्याला एखादी घळ पडली, पाण्याने एखादी नाळ कापली, तेथून पावलांनी वाट शोधली. अशा वाटांपैकी थोरली म्हणजे या मुलखाच्या दक्षिणेस जुन्नरच्या माथ्यावर असलेला नाणेघाट. कल्याण बंदर आणि जुन्नरची पेठ यांना जोडणाऱ्या त्या घाटात सातवाहनांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लेणे खोदले व त्याच्या भिंतीवर राणी नागनिकेचा लेख कोरविला. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले त्याच मार्गाच्या आसमंतात उभे आहेत. मार्ग होता म्हणून जकात होती, जकात होती म्हणून पहारा हवा होता, आणि पहाऱ्यासाठी माथा हवा होता. किल्ल्याची वंशावळ ही अशी आहे.

आता रतनगडाकडे वळू. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने शिवालय आहे. त्याच्या भिंतींवरील आणि खांबांवरील कोरीव काम पाहिले म्हणजे ध्यानात येते की, हे आडरान एके काळी आड नव्हते. ज्या ठिकाणी माणसांची ये-जा नाही, तेथे एवढे देवालय कोणी कशासाठी उभारील? येथून जंगलातून चढत गेले की गणेश दरवाजा आणि हनुमान दरवाजा लागतो. दुसऱ्या अंगाला त्र्यंबक दरवाजा आहे. त्याची वाट साम्रदकडे उतरते, आणि साम्रदहून करोळी घाटाने थेट कोकणातले डेहणे गाठता येते. चौथा तो कोकण दरवाजा. दरवाजांची नावेच वाटांचा नकाशा सांगतात. गडाच्या शिरावर खडकाला आरपार पडलेले नेढे आहे. तेथे बसून पाहिले तर एका बाजूस जलाशयाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस कोकणची दरी दिसते. पहारेकऱ्याला याहून अधिक काय हवे?

वाट आणि गड यांचे हे नाते आपल्या पूर्वजांनी शास्त्र म्हणून जाणले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे प्रकरण आहे, त्यात गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या असाव्यात, नेहमीच्या राबत्यापुरत्या तेवढ्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. गडावर येणारी वाट सोपी असेल तर ती मोडून झाडी वाढवावी व अवघड बाजूने नवी घालावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. कोणती वाट उघडी ठेवावी आणि कोणती बुजवावी, हे ठरविणे म्हणजेच गड राखणे. तोफा आणि तट ही त्यापुढची गोष्ट.

रतनगडाच्या खांद्यावरून कात्राबाईची खिंड ओलांडली की वाट पाचनईकडे आणि तेथून हरिश्चंद्रगडावर जाते. येथे मात्र वाटेचा रंग पालटतो. हा गड लढाईहून तपश्चर्येचा अधिक. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, मंगळगंगेचा उगम, कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे लिंग आणि त्याच्या चार खांबांपैकी उरलेला एक खांब, यांपैकी कशालाही सैन्याची गरज नव्हती. चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ च्या सुमारास, याच डोंगरावर पुरा झाला, अशी त्या ग्रंथाचीच साक्ष आहे. मराठ्यांनी हा गड मोगलांकडून घेतला तो १७४७ साली. तेव्हा जी पावले प्रथम या वाटेने चढली ती साधकांची व यात्रेकरूंची होती. शिपायाची पावले मागून आली. गडाच्या पश्चिमेस कोकणकडा आहे. घोड्याच्या नालासारखा आत वळलेला तो कडा हजारांवर फूट खोल तुटतो. पावसाळ्याच्या आगेमागे धुके खालून वर चढत असता त्यात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे वर्णन केले व ते १८३५ साली विलायतेत छापले गेले. अशा कड्याच्या बगलेतूनही कोकणातल्या बेलपाड्याच्या लोकांनी वर येण्याच्या वाटा काढल्या आहेत, ही गोष्ट त्या इंद्रधनुष्याहून आम्हांस अधिक नवलाची वाटते.

मग १८१८ साल उजाडले. पेशवाई बुडाली, आणि एवढे गड सांभाळणे नव्या सरकारला परवडणारे नव्हते; बंडखोरांच्या हाती जाऊ देणे तर त्याहून नको होते. सारा डोंगर पाडणे कोणाला शक्य होते? इंग्रजांनी मर्म ओळखले. त्यांनी अनेक गडांच्या दरवाजांना आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांना सुरुंग लावले. अलंग, मदन, कुलंग हे रतनगडाचे शेजारी. त्यांपैकी अलंग आणि मदन या गडांवर आजही काही ठिकाणी दोराशिवाय चढता येत नाही. जीवधनाच्या पायऱ्यांचीही तीच गत झाली. तट तसेच उभे राहिले, टाक्यांत पाणी तसेच भरत राहिले. तुटली ती वाट. आज्ञापत्रकारांनी जे सांगितले होते तेच शत्रूने उलट्या बाजूने अमलात आणले.

वाटेबरोबर माणसेही तुटली. गडाच्या घेऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चौकी-पहारा करणाऱ्या महादेव कोळ्यांची चाकरी गेली, वेतने कमी झाली. १८२९ साली रामजी भांगऱ्याच्या पुढारपणाखाली या डोंगरात बंड उठले. पुढे देवगावच्या राघोजी भांगऱ्याने सावकार आणि सरकार या दोहोंना अनेक वर्षे हैराण केले. त्याला पंढरपुरास पकडण्यात आले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सरकारजवळ बंदुका होत्या. राघोजीजवळ वाटांचे ज्ञान होते. एवढ्या भांडवलावर तो इतकी वर्षे टिकला, हे वाटांचे सामर्थ्य नव्हे काय?

यानंतरचे दोन घाव शांततेच्या काळातले. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून आगगाडी धावू लागली, आणि जुन्या घाटांवरची बैलांची वर्दळ ओसरली. १९१० साली भंडारदऱ्यास प्रवरेवर धरणाचे काम सुरू झाले व १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत त्या काळी मोठाच पराक्रम होता. तिच्या पाण्यावर खालच्या अंगाची जमीन भिजली, ऊस पिकला, १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना निघाला. याचे मोल कमी लेखण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु त्याच पाण्याखाली दरीतली शेते आणि जुन्या पाऊलवाटा गेल्या, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे. आज पर्यटक ज्या निळ्या पाण्याचे कौतुक करतो, त्याच्या तळाशी कोणाची तरी गावाकडची वाट आहे.

आता या वाटांवर पुन्हा पावले उमटू लागली आहेत. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या घेऊन येतात. रतनगडाच्या तुटक्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसल्या आहेत. १९८६ सालापासून हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखला जातो. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, याचा आम्हांस इतरांइतकाच अभिमान आहे. पण वारशाची यादी बुरूज मोजते, दरवाजे मोजते. वाट मोजण्याची सोय तिच्यात थोडी. दगड पडला तर तो पुन्हा बसविता येतो. वाट मात्र चार-सहा पावसाळे कोणी चालले नाही तर कारवीखाली बुजते, आणि तिचे नाव सांगणारा म्हातारा गेला की तिचा इतिहासही संपतो.

म्हणून गडावर जाणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. वर जाऊन कोणता बुरूज पाहिला याची नोंद ठेवाच; त्याबरोबर खालच्या वाडीत घटकाभर बसून विचारा की, या वाटेला काय म्हणतात, पूर्वी येथून काय जात असे, ती कधी बंद पडली. मिळेल ते उत्तर लिहून ठेवा, आणि सांगणाऱ्याचे गावही लिहा. गडांचा इतिहास दरबारच्या कागदांत बराच सापडला आहे. वाटांचा इतिहास अद्याप वाडीवस्तीच्या ओट्यावर बसला आहे, आणि तेथवर चालतच जावे लागते.