सन सिटी : निवृत्तांसाठी वसवलेले गाव

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, फीनिक्स शहराच्या वायव्येला कापसाच्या शेतजमिनीवर उभारलेली सन सिटी ही वसाहत १ जानेवारी १९६० रोजी लोकांसाठी खुली झाली. नववर्षाच्या त्या तीन दिवसांच्या सुट्टीत सुमारे एक लाख माणसे ती पाहायला आली आणि २३७ घरे विकली गेली. घराची किंमत साधारण साडेआठ हजार डॉलरपासून सुरू होत होती. वसाहतीचा कर्ता डेल वेब हा मोठा बांधकाम व्यावसायिक होता. लास व्हेगासचे फ्लेमिंगो हॉटेल त्याच्या कंपनीने बांधले होते आणि न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा तो सहमालक होता. इतक्या गर्दीची अपेक्षा मात्र त्याच्या कंपनीलाही नव्हती.

या गर्दीमागची कारणे आधीच्या पंचवीस वर्षांत घडत आली होती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निवृत्तिवेतनाची देशव्यापी व्यवस्था उभी केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक मोठ्या कंपन्याही स्वतंत्र पेन्शन देऊ लागल्या. पासष्टाव्या वर्षी नोकरी संपायची, तब्येत धडधाकट असायची, दरमहा ठरलेले पैसे हाती यायचे, आणि दिवस कसा घालवायचा हे कोणीच शिकवलेले नसायचे. अ‍ॅरिझोनाची कोरडी हवा दमेकऱ्यांना आणि संधिवाताच्या रुग्णांना मानवते अशी ख्याती जुनीच होती, पण तिथला उन्हाळा सोसवत नसे. घरोघरी वातानुकूलन आल्यावर ती अडचणही सरली.

निवृत्तांसाठी वेगळे गाव ही कल्पना वेबची नव्हती. बेन श्लायफर या रशियातून आलेल्या स्थलांतरिताने १९५४ मध्ये सन सिटीच्या अगदी शेजारीच यंगटाउन वसवले होते. एका वृद्धाश्रमात राहणाऱ्या मित्राला भेटल्यावर तिथल्या बंदिस्त जगण्याने तो अस्वस्थ झाला होता. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे छोटे घर, अंगण आणि मोकळीक मिळाली पाहिजे, एवढीच त्याची धडपड होती. यंगटाउन साधे आणि स्वस्त होते. तिथे मनोरंजनाच्या सोयी मात्र जवळजवळ नव्हत्या.

वेबच्या माणसांनी नेमकी हीच उणीव हेरली. कंपनीने सल्ला विचारला तेव्हा काही तज्ज्ञांनी धोक्याची सूचना दिली होती. मुलानातवंडांपासून दूर, फक्त आपल्याच वयाच्या माणसांत राहायला वृद्ध तयार होणार नाहीत, असे त्यांचे मत होते. तरीही कंपनीने आधी गोल्फचे मैदान, दुकाने, पोहण्याचा तलाव आणि कला-हस्तकलेचे केंद्र बांधून घेतले आणि त्यानंतरच घरे विकायला काढली. बहुतेक बिल्डर आश्वासने विकतात. इथे ग्राहकाला सगळे डोळ्यांनी पाहता आले, आणि पहिल्या यशाचे मोठे श्रेय या क्रमाला द्यावे लागते. अट अशी होती की घरातली निदान एक व्यक्ती पन्नाशी ओलांडलेली असावी आणि शाळकरी वयाचे मूल तिथे कायम राहू नये. नातवंडांनी पाहुणे म्हणून यायला हरकत नव्हती, मात्र त्या मुक्कामालाही पुढे वर्षाकाठच्या दिवसांची मर्यादा आली.

सुरुवातीची लाट लवकरच ओसरली. साठच्या दशकाच्या मध्यावर विक्री घसरली, तेव्हा जॉन मीकर याच्याकडे सूत्रे आली. त्याने घरे मोठी केली, तळी आणि नवी क्रीडाकेंद्रे उभारली आणि अधिक सुस्थितीतला ग्राहक डोळ्यांपुढे ठेवला. या बदलाने वसाहत सावरली, पण कामगारवर्गातल्या पेन्शनरासाठी ती पहिल्याइतकी सोपी राहिली नाही. १९७८ च्या सुमारास सन सिटी पूर्ण झाली आणि पलीकडे सन सिटी वेस्टचे काम सुरू झाले. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास स्थिरावली. रहिवासी बहुतांश गोरे होते.

या गावाची खरी कमाई म्हणजे तिथले सामूहिक जीवन. सुतारकामापासून नृत्यापर्यंत असंख्य मंडळे निघाली. सगळेच परगावाहून आलेले, सगळ्यांनाच नवे मित्र हवे असलेले. त्यामुळे ओळखी पटकन होत. कोणाचा हुद्दा पूर्वी काय होता याला फारसे महत्त्व उरले नाही. गावाला नगरपालिका नाही, आजही नाही, म्हणून पालिकेचा करही नाही. कारभाराची बरीच कामे रहिवाशांनी अंगावर घेतली. गणवेशातले स्वयंसेवक काउंटीच्या शेरीफच्या वतीने गस्त घालतात आणि परगावी गेलेल्यांच्या घरांवर नजर ठेवतात. ‘प्राइड्स’ या गटातले वृद्ध भल्या सकाळी रस्त्याकडेचा कचरा उचलतात. निवृत्त माणूस समाजावर भार असतो या समजुतीला यापेक्षा चोख उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

टीकाही पहिल्यापासून होती. नगररचनेचे अभ्यासक लुइस ममफर्ड यांनी सन सिटीच्या आधीच, १९५६ मध्ये, वृद्धांची वेगळी वस्ती करण्यास विरोध केला होता. सर्व वयांच्या शेजारात त्यांना जागा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. या भीतीचे व्यवहारातले रूप शाळांच्या प्रश्नात दिसले. सन सिटी पिओरियाच्या शाळा-विभागात मोडत होती. आसपासच्या भागात मुले वाढत होती, शाळांच्या नव्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदारांची संमती लागे, आणि सन सिटीचे मतदार ते प्रस्ताव एकामागून एक हाणून पाडत. वृद्ध मतदानाला चुकत नाहीत, त्यामुळे त्यांचे पारडे जड ठरे. आपापल्या गावी मुले शिकवताना आपण शाळांचा कर भरून चुकलो आहोत, आता ठरावीक पेन्शनीत महागाई सोसतो आहोत, अशी त्यांची बाजू होती. सत्तरच्या दशकातली महागाई पाहता ती खोटी म्हणता येत नाही. पण त्यांचे स्वतःचे शिक्षण ज्या शाळांत झाले, त्यांचा खर्चही कुणीतरी आधीच्या पिढीने उचललेला होता. अखेर सन सिटी त्या शाळा-विभागातून वेगळी काढण्यात आली. भांडण मिटले आणि कर कमी झाला. मात्र शेजारच्या मुलांशी असलेला गावाचा शेवटचा सार्वजनिक धागाही त्यासोबत तुटला.

दुसरी अडचण हळूहळू पुढे आली. साठीतली जोडपी एकाच वेळी राहायला आली, म्हणजे ती एकाच वेळी म्हातारीही होणार होती. एकमजली, जिने नसलेली घरे सोयीची होती. पण गावाचा आराखडा मोटार आणि गोल्फ-कार्ट यांच्या भरवशावर आखलेला होता. दृष्टी अधू होऊन गाडी सुटली की दुकान आणि मंडळ दोन्ही लांब पडत. जोडीदार गेल्यावर एकट्या राहिलेल्या स्त्रियांची संख्या वाढत गेली. ‘सक्रिय निवृत्ती’च्या जाहिरातींत आजारपणाला जागा नव्हती. बॉसवेल रुग्णालय १९७० मध्ये सुरू झाले आणि सांभाळ करणाऱ्या निवासांची भर पुढे पडत गेली.

ज्या एकवयीन रचनेवर आक्षेप घेतला जातो, तिचाच वैद्यकशास्त्राला मात्र मोठा उपयोग झाला. १९८७ मध्ये इथल्या सन हेल्थ संशोधन संस्थेने मेंदूदानाचा कार्यक्रम हाती घेतला. जिवंतपणी नियमित तपासण्या करून घेणारे दाते हाकेच्या अंतरावर राहत असल्याने मृत्यूनंतर साधारण तीन तासांत मेंदू जतन करता येतो. इतक्या ताज्या ऊती मिळणे दुर्मीळ असते. अल्झायमर आणि पार्किन्सनवर काम करणाऱ्या देशोदेशीच्या प्रयोगशाळांना त्यांचा लाभ मिळतो.

वयाच्या अटीवर कायद्याचे प्रश्नचिन्ह १९८८ मध्ये उभे राहिले. मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीने बंदी केली, पण वृद्धांच्या वसाहतींना अपवाद ठेवला. १९९५ च्या कायद्याने तो सोपा केला : निदान ऐंशी टक्के घरांत पंचावन्न किंवा अधिक वयाची एक तरी व्यक्ती असावी आणि त्याची नोंद ठेवलेली असावी. सन सिटीने अट कसोशीने सांभाळली. यंगटाउनमध्ये एका आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या किशोरवयीन नातवावरून वाद पेटला आणि १९९८ मध्ये तिथली अट रद्द झाली. त्यानंतर तरुण कुटुंबे आली, नवी घरे बांधली गेली, आणि २००० ते २०१० या काळात यंगटाउनची लोकसंख्या सुमारे तीन हजारांवरून सहा हजारांवर गेली. शेजारची सन सिटी अजूनही चाळीस हजारांच्या घरात आहे आणि तिथल्या रहिवाशांचे मध्यम वय सत्तरीच्या पुढे आहे.