विकत घेतलेला ई-रीडर कोणाच्या मालकीचा?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील काही वाचकांनी आपला 'किंडल' उघडला, तेव्हा पैसे देऊन घेतलेली पुस्तके त्यावरून नाहीशी झाली होती. ती विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्कच नव्हते, असे लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने ती परस्पर पुसून टाकली होती आणि ग्राहकांचे पैसे परत केले होते. पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'. एखाद्या विडंबनकारालाही सुचणार नाही असा हा योगायोग! कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी नंतर जाहीर माफी मागितली. पण घरच्या कपाटातील पुस्तक दुकानदार परत नेऊ शकत नाही, हातातील यंत्रावरचे मात्र नेऊ शकतो, हे त्या निमित्ताने साऱ्यांना कळून चुकले. ई-रीडरचे कुलूप उघडून त्यावर आपल्या पसंतीचे सॉफ्टवेअर चालविण्याचा जो उद्योग जगभरातील हौशी मंडळी करीत आली आहेत, त्याच्या मुळाशीही हाच मालकीचा प्रश्न आहे.

या उद्योगाला 'जेलब्रेक' म्हणजे तुरुंगफोडी असे नाव आहे. आयफोन २००७ मध्ये बाजारात आल्यावर हा शब्द रूढ झाला. पहिला किंडलही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ३९९ डॉलर किमतीला आला. दिसायला पाटीसारखे असलेले हे यंत्र आतून पूर्ण संगणक असते. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि त्यावर लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली चालते. प्रणाली मुक्त असली तरी तिच्यावर काय चालवायचे, हे कंपनी ठरविते. प्रत्येक अपडेटवर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असते आणि स्वाक्षरी नसलेली फाइल यंत्र सरळ नाकारते. जेलब्रेक करणारे या व्यवस्थेतील एखादी फट शोधतात आणि तिच्यातून आपली किल्ली कंपनीच्या किल्लीशेजारी नेऊन ठेवतात. त्यानंतर यंत्र दोघांचेही ऐकू लागते.

कंपनी अर्थातच फट बुजविते आणि शोध पुन्हा सुरू होतो. १ जानेवारी २०२५ रोजी 'विंटरब्रेक' नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. तिने चक्क किंडलवरील दुकानाचे पान दाखविणाऱ्या यंत्रणेतूनच वाट काढली होती. पुढच्या एका अपडेटने तीही वाट बंद झाली. कॅनडातील 'कोबो' या कंपनीच्या ई-रीडरवर मात्र हा लपंडाव खेळावाच लागत नाही. यंत्र संगणकाला जोडून एका दडलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल ठेवायची आणि तार काढायची. यंत्र ती स्वतःच उलगडून घेते, स्वाक्षरी मागत नाही.

कुलूप उघडल्यावर बहुतेक जण प्रथम बसवितात ते 'केओरीडर' हे मुक्त सॉफ्टवेअर. मुळात किंडलवर पीडीएफ नीट वाचता यावी, यासाठी त्याचा जन्म झाला. समास कापणे, पानावरील ओळी पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने मांडणे, ईपब फाइल रूपांतराशिवाय उघडणे, शब्दावर बोट ठेवताच आपण घातलेल्या कोशातील अर्थ दाखविणे, ही त्याची कामे. दिसायला साधे असले तरी ते घडविणे सोपे नव्हे. ई-इंकचा पडदा सूक्ष्म कुप्यांतील काळे-पांढरे कण हलवून अक्षर उमटवितो आणि मग वीज न घेता ते धरून ठेवतो. प्रत्येक मॉडेलच्या पडद्याची चाल वेगळी असते. ती साधली नाही तर मागच्या पानाची पुसट सावली पुढच्या पानावर उरते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी मेख देवनागरीत आहे. 'कि' लिहिताना संगणक आधी 'क' आणि मग वेलांटी साठवितो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरांचे गणित याहून गुंतागुंतीचे. त्यामुळे यंत्रात देवनागरी फाँट नुसता घालून भागत नाही, अक्षरांची जुळणी करणारा स्वतंत्र भागही लागतो. तो नसला की 'शक्ती'मधील 'क' पाय मोडून वेगळा उभा राहतो. सुरुवातीच्या काळात यावर एकच तोडगा होता: अक्षरे जागच्या जागी बसविलेली पीडीएफ. पण सहा इंची पडद्यावर तिचा टाइप मुंगीएवढा दिसे. अ‍ॅमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकांची विक्री सुरू केली ती डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या किंडलनंतर नऊ वर्षांनी. केओरीडरमध्ये अक्षरजुळणीसाठी 'हार्फबझ' ही मुक्त प्रणाली आहे. योग्य फाँट दिला की ते जोडाक्षरे नीट मांडते. जो बाजार लहान वाटतो त्याच्या लिपीसाठी कंपनी थांबू शकते. किल्ली वाचकाच्या हाती असेल तर त्याला थांबावे लागत नाही.

ई-रीडरच्या आधी हाच प्रकार घरातील इंटरनेट राउटरबाबत घडला होता. 'लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी' या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' प्रकल्प उभा राहिला. आज शेकडो जातींच्या राउटरवर तो चालतो.

कायद्याचे काय? अमेरिकेत २०१० मध्ये फोनच्या जेलब्रेकला सूट मिळाली. २०१५ मध्ये ती टॅब्लेटनाही लागू झाली, पण केवळ वाचनासाठीचे ई-रीडर त्यातून वगळले गेले. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हेतूला महत्त्व देते. हक्कभंगाच्या उद्देशाने तांत्रिक संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यंत्राचे कुलूप आणि पुस्तकाचे कुलूप या वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. केओरीडर पुस्तकाचे कुलूप उघडत नाही. दुकानातून घेतलेली संरक्षित पुस्तके त्यात दिसत नाहीत.

धोकेही आहेत. चुकीच्या मॉडेलची फाइल घातली तर यंत्र कायमचे बंद पडू शकते, वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. यंत्रावर आपले खरेदीखाते नोंदलेले असते, तेव्हा कोठूनही उचललेली फाइल त्यात घालणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाला देणे. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की रोजच्या वापरातील नव्या यंत्रावर हा प्रयोग करू नये.

जुन्या यंत्रांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत जुनी मोबाइल जाळी बंद होऊ लागल्यावर, वाय-फाय नसलेले पहिले किंडल तेथे जगापासून तुटले. २०२२ मध्ये आणखी काही जुन्या मॉडेलवरून थेट पुस्तक खरेदी करण्याची सोयही काढून घेण्यात आली. पडदे मात्र शाबूत होते. कुलूप उघडल्यावर त्यांतील काही पुन्हा वाचनाच्या कामी आले, तर काही भिंतीवर हवामानाचा फलक किंवा घड्याळ म्हणून लागले.