व्हेरिएटर (स्कूटर)

व्हेरिएटर हा गिअरविरहित स्कूटरमधील, केंद्रोत्सारी बलावर चालणारा भाग होय. इंजिन व मागील चाक यांच्या वेगांचे गुणोत्तर तो टप्प्यांशिवाय, सलग बदलतो. व्हेरिएटर, मागील पुली आणि क्लच यांतील वजने व स्प्रिंग वापरानुसार निवडण्यास जुळणी, बोलीभाषेत 'सेटिंग', म्हणतात. जुळणीने इंजिनाची शक्ती वाढत नाही. उपलब्ध शक्ती कोणत्या फेऱ्यांवर चाकापर्यंत पोहोचावी, एवढेच तीत ठरते.

इतिहास

नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये या तत्त्वावरील 'व्हेरिओमॅटिक' नावाची यंत्रणा असलेली मोटार सादर केली. भारतात १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा स्कूटरमुळे ही यंत्रणा घरोघरी पोहोचली. दौंड तालुक्याला लागून असलेल्या बारामती येथील पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून याच प्रकारच्या व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या.

रचना व कार्य

पुढील पुलीच्या दोन तबकड्यांपैकी एक स्थिर, तर दुसरी सरकती असते. सरकत्या तबकडीमागे बहुधा सहा रोलर असतात. फेऱ्या वाढल्या की रोलर बाहेर फेकले जातात व तबकड्या जवळ येतात. त्यामुळे पट्टा वर चढतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्याने मागील पुलीत तो स्प्रिंगचा दाब सारून खाली उतरतो आणि वेग वाढतो. मागील पुलीला जोडलेल्या क्लचचे शू ठरावीक फेऱ्यांनंतर ड्रमला घट्ट धरतात, तेव्हा गाडी हलते.

जुळणी

हलके रोलर घातल्यास गुणोत्तर उशिरा बदलते. पिकअप सुधारतो, परंतु त्याच वेगाला इंजिन अधिक फेऱ्यांवर फिरते व इंधन जास्त लागते. जड रोलरने इंजिन शांत चालते, मात्र चढावर दमते. मागील पुलीची स्प्रिंग कडक केल्यास पट्ट्यावरील पकड वाढते आणि चढावर गुणोत्तर लवकर खाली येते. क्लचच्या शूंची स्प्रिंग कडक असल्यास गाडी अधिक फेऱ्यांवर सुटते.

जुळणीपूर्वी झीज तपासणे आवश्यक असते. एका बाजूने घासलेले रोलर अडकतात व गाडी झटके देते. अरुंद झालेला पट्टा पुढील पुलीत पूर्ण उंचीवर चढत नाही, त्यामुळे सर्वोच्च वेग घटतो. पट्ट्याच्या बाजूंना ग्रीस लागल्यास तो घसरतो. एका वेळी एकच भाग बदलून, त्याच रस्त्यावर व तेवढ्याच ओझ्यासह चाचणी घेतल्यास फरक कळतो. सर्व रोलर समान वजनाचे असावेत. क्रँकवरील नट ठरलेल्या दाबाने आवळावा. तो सैल राहिल्यास शाफ्टचे दाते खराब होतात.

शिरूर व दौंड परिसरातील वापर

या तालुक्यांत स्कूटरवरून दुधाच्या किटल्या, चारा व खताच्या पिशव्या नेल्या जातात. ओझ्यासाठी किंचित हलके रोलर सोयीचे ठरतात. महामार्गावर रोज लांब प्रवास करणाऱ्यास मात्र उत्पादकाने दिलेलेच वजन योग्य असते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत चालताना क्लच अर्धवट पकडतो, शू तापतात व त्यांवर चकाकी चढते. मग गाडी सुटताना थरथरते. अशा वेळी रोलर बदलून उपयोग होत नाही. शू व ड्रम साफ करावे किंवा बदलावे लागतात. कच्च्या रस्त्यावरील धूळ आवरणात साचून पट्टा झिजवते. धावत्या गाडीत पट्टा तुटल्यास चाकाला मिळणारी शक्ती थांबते आणि मागून वेगाने येणाऱ्या वाहनांमुळे अपघाताचा धोका संभवतो. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतील मुदतीस पट्टा बदलणे, हे जुळणीपेक्षा महत्त्वाचे आहे.

बर्फगाडीशी तुलना

गुलमर्ग येथे पर्यटकांसाठी चालणाऱ्या बर्फगाड्यांतही हेच तत्त्व वापरले जाते. त्यांत वेगळा क्लच नसतो. इंजिन मंद असताना पुढील पुली पट्टा मोकळा सोडते आणि तीच क्लचचे काम करते. उंचीवरील विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटत असल्याने तेथे वजने हलकी करावी लागतात. शिरूर व दौंडच्या पठारी भागात उंचीमुळे असा बदल करण्याची गरज पडत नाही. तेथे ओझे, धूळ आणि रांगती वाहतूक यांचाच विचार करावा लागतो.