वर्कशॉपवाल्यांचा थांबा

आमच्या शिवारात ओढ्याच्या कडेला मुरमाचा लांबट उंचवटा आहे. आताची पोरं त्याला टेकाड म्हणतात. खरं तर तो बार्शी लाईटचा थांबा. फलाट नाही, छप्पर नाही. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात जाणारी माणसं तिथं गाडी धरायची.

बार्शीची पेठ जुनी, पण मोठी लाईन गेली कुर्डुवाडीवरनं. पेठेतला माल बैलगाड्यांनी तिथवर न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली ही अडीच फुटी लाईन चालू केली. त्याचा हिशेब सरळ होता. इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांच्या वर भार द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. १९११ ला गाडी लातूरला पोचली, दुसऱ्या अंगानं पंढरपूरवरनं १९२७ ला मिरजेला. कंपनी विलायतेची, १९५४ ला सरकारनं ती घेतली.

एवढ्या पसाऱ्याची दुरुस्ती कुर्डुवाडीत चाले. फिटर, लोहार, सुतार, खलाशी, नाना कामाची माणसं लागत. आमच्या गावची पाच-सहा होती. जमीन सगळ्यांचीच कोरडवाहू, पण त्यांच्या घरात महिन्याला रोकड यायची. त्याची किंमत बहात्तरच्या दुष्काळात कळली. सगळा गाव खडी फोडायला गेला, आम्ही पोरं सुकडीवर जगलो. वर्कशॉपवाल्यांच्या चुली मात्र पेटत राहिल्या, अन् त्यांनी भावकीलाही उपाशी ठेवलं नाही. म्हातारी माणसं म्हणायची, “पावसानं दगा दिला, पर गाडीनं न्हाई दिला.”

२००८ ला लातूरपर्यंत मोठी लाईन झाली. नवे रूळ आमच्या रानापासून जरा लांबनं गेले, थांबा गेला. गावाला वाईट वाटलंच. पण २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला पन्नास-पन्नास हजार लिटरच्या दहा टाक्या. छोट्या गाडीला एवढा बोजा झेपला नसता, हे मान्य केलं पाहिजे.

तरी माझं म्हणणं एवढंच, की मोठी गाडी शहराची तहान भागवते. खेड्यातल्या माणसाला सकाळी कामावर नेऊन संध्याकाळी घरी आणायचं काम त्या छोटीनं केलं. ते काम आता कुणाकडंच नाही. पोरं पुण्याला खोली करून राहतात, अन् रानं वाट्यानं जातात.