जिल्हाबंदी आणि गावचे दप्तर

परभणी जिल्ह्याच्या आधुनिक कारभाराची सुरुवात बरेच जण 17 सप्टेंबर 1948 पासून धरतात. निजामी राजवटीचा जाच सोसलेल्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. पण या कारभाराचा सांगाडा त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे उभा होता. 1853 मध्ये पहिला सालारजंग दिवाण झाला तेव्हा हैदराबादची तिजोरी रिकामी होती आणि वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून निघेल तेवढे काढी. 1865 च्या जिल्हाबंदीने, म्हणजे मुलखाची जिल्हे-तालुक्यांत बांधणी करून, या पद्धतीच्या मुळावर घाव घातला. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार असे पगारी अधिकारी आले, देशमुख-देशपांडे रुसूम घेऊन वसुलीतून बाजूला झाले. हे सारे इंग्रजांच्या धाकाने झाले, असा आक्षेप घेतला जातो. धाक होताच. हिंगोलीसारख्या छावण्यांतल्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून तर 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. तरी हेतू तिजोरी भरण्याचा असला म्हणून फळ खोटे ठरत नाही. पगारी अधिकाऱ्याची बदली करता येते, त्याला जाब विचारता येतो.

सुधारणा अडली ती गावाच्या वेशीवर. जागिरी आणि सर्फेखासचा, म्हणजे निजामाचा खासगी, मुलूख दिवाणी कारभाराबाहेर राहिला. खालसा गावांतही दप्तर वंशपरंपरागत पाटील-कुलकर्ण्यांच्याच हाती होते, आणि वरच्या कचेऱ्यांत आधी फारसी, मग उर्दू चाले. मराठी बोलणाऱ्या कुळाला आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते दुसऱ्याला विचारावे लागे. माझ्या मते जिल्हाबंदीचे खरे अपयश हेच, आणि ते 1948 मध्येही एका दिवसात संपले नाही. जागिरी 1949 मध्ये गेल्या, 1950 मध्ये कूळ कायदा आला, 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला. पण महसुलाचा 1317 फसलीचा हैदराबादी कायदा 15 ऑगस्ट 1967 ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होईपर्यंत टिकला. पाटीलकीचा वारसाहक्कही 1962 च्या कायद्यानेच संपला.

गावचे दप्तर आता तलाठ्याकडे आहे. तलाठी तरी कुठे निर्मळ, असे कोणी विचारील. तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच्याविरुद्ध तहसीलदाराकडे तक्रार करता येते आणि त्याची खुर्ची मुलाकडे जात नाही. 1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तिकडच्या लोकांना जिल्ह्याची कचेरी जवळ आली. जमिनीच्या वादात मात्र दोन्हीकडचे शेतकरी आजही 1954 चे खासरा पत्रक, म्हणजे तेव्हाच्या जमीन-पाहणीची नोंद, शोधतात.