क्वेबेकचा काळा त्रिकोण

राजांच्या मृत्यूच्या तिथी आणि लढायांची स्थळे नोंदून ठेवण्यास इतिहासकार जितका तत्पर असतो, तितका तो पावसापाण्याच्या बाबतीत नसतो. सामान्य गृहस्थाची कालगणना मात्र बहुधा अशाच प्रसंगांवरून चालते. आपल्याकडे दुर्गादेवीच्या दुष्काळाचे नाव सहा शतके लोटली तरी पुसले गेलेले नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या फ्रेंचभाषी खेड्यांत जानेवारी १९९८ ला असेच स्थान आहे. त्या महिन्यात जे झाले त्यास तेथील लोक ‘मोठा व्हेर्ग्ला’ म्हणतात.

व्हेर्ग्ला ह्या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि तो घडविण्याची पाळी आपल्यावर आली नाही हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. गारा आपणांस ठाऊक आहेत. परंतु गार ही ढगातच घट्ट होऊन खाली येते. व्हेर्ग्ला पाणी म्हणूनच पडतो आणि ज्या वस्तूवर पडतो तिच्यावर तत्क्षणी गोठतो. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली उबदार, दमट हवा वर, आणि सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात अडकून पडलेली ध्रुवाकडील थंड हवा खाली, अशी दोन थरांची रचना झाली म्हणजे हा प्रकार घडतो. वरच्या थरात हिम वितळते. खालच्या पातळ थरातून येताना ते थेंब शून्याखाली जातात, पण गोठावयास त्यांना आधार मिळत नाही. तो आधार झाडाची डहाळी देते, विजेची तार देते, घराचे छप्परही देते. एरवी हे काही तासांत आटोपते. त्या वर्षी जानेवारीच्या ५ तारखेच्या सुमारास सुरू झालेला हा वर्षाव थांबून थांबून १० तारखेपर्यंत चालला, आणि माँट्रियलच्या दक्षिणेस कित्येक ठिकाणी तो १०० मिलिमीटरांच्या घरात गेला.

तारांवर मनगटाएवढे जाड बर्फ चढले. रात्रभर मॅपलच्या फांद्या बंदुकीचे बार निघावेत तशा मोडत राहिल्या. पोलादी मनोरे वाकले; एक कोसळला की तारांच्या ओढीने शेजारचा, त्याच्यामागून तिसरा, अशा रांगाच्या रांगा शेतांत आडव्या झाल्या. हजाराहून अधिक मनोरे आणि तीस हजारांवर लाकडी खांब पडले. क्वेबेकमध्ये सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली. माँट्रियलच्या दक्षिणेकडील सँ-यासँत, ग्रॅन्बी व सँ-जाँ-स्युर-रिशेलिय ह्या तीन गावांमधील मुलखास तेव्हापासून ‘काळा त्रिकोण’ हे नाव पडले.

ह्या त्रिकोणातील शेतकऱ्याच्या घरी नेमके काय बंद पडले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. क्वेबेकमध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा १९४५ साली झाला. त्यापूर्वी बहुतेक शेतघरांत रॉकेलचा दिवा, हातपंप आणि स्वयंपाकघराच्या मध्यभागी लाकडे जाळणारी लोखंडी शेगडी एवढाच सरंजाम होता. पुढे १९६३ मध्ये, झाँ लसाज ह्यांच्या मंत्रिमंडळातील रने लेव्हेक ह्यांच्या आग्रहाने, प्रांतातील खाजगी वीज कंपन्या सरकारी ‘हायड्रो-क्वेबेक’ने ताब्यात घेतल्या. फ्रेंचभाषी समाजास ती नुसती आर्थिक व्यवस्था वाटली नाही. आपल्या नद्यांचे धनी आता आपणच झालो, ही अस्मिता तीत होती. वीज मुबलक व स्वस्त झाली. प्रांतातील बहुसंख्य घरे विजेनेच ऊब घेऊ लागली, आणि अनेक घरांतून शेगडी बाहेर पडली. ह्यात अविचार होता असे आम्ही मानीत नाही. पहाटे उठून विस्तव पेटविण्याचे कष्ट ज्या गृहिणीने वर्षानुवर्षे काढले, तिला भिंतीवरचे बटण हा मोक्षच वाटला असेल.

पण तार तुटली तेव्हा ऊब गेली, आणि ऊब तेवढीच गेली नाही. खेड्यातील घरास पाणी स्वतःच्या विहिरीतून विजेच्या पंपाने मिळते; ते थांबले. ज्यांच्याकडे तेलाची भट्टी होती त्यांनाही तिचा लाभ झाला नाही, कारण तिचा पंखा विजेवर चालतो. तळघरात साचणारे पाणी उपसणारे यंत्र बंद. आणि पावसामागून थंडी वाढताच नळ फुटण्याचे भय. गोठ्यात याहून बिकट अवस्था होती. पन्नास गाईंचे दूध हातांनी काढणे एका कुटुंबास शक्य नाही, आणि दूध तुंबले तर गाईची कास सुजते. ज्याच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारे जनित्र होते तो ते घेऊन शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाई, तेथून पुढच्या. काढलेले दूध तरी न्यावे कोठे? प्रक्रियेचे कारखानेही अंधारात. लक्षावधी लिटर दूध ओतून द्यावे लागले.

अशा वेळी अडगळीत गेलेल्या शेगडीस एकाएकी भाव आला. ती ज्या घरी राहिली होती तेथे दोन-तीन कुटुंबे एकत्र निजू लागली. लाकूड तर चोहीकडे पडले होते. पण नुकतीच मोडलेली ओली फांदी धूर देते, ऊब देत नाही. सरपण वर्षभर आधी फोडून वाळवावे लागते. म्हणून प्रांताच्या इतर भागांतून वाळलेले सरपण गाड्या भरभरून आले. शाळा व सभागृहे ह्यांत हजारो माणसे आश्रयास गेली. कित्येक वृद्ध मात्र घर सोडण्यास काही केल्या तयार होईनात. बूशेरव्हिल गावात तर रेल्वेचे एक डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्याने नेले आणि त्याच्या विजेवर नगरभवन चालविले!

ह्या प्रसंगाचे वर्णन करताना शेजारधर्माचे गोडवे गाण्याची जी रीत पडली आहे ती अपुरी आहे. जनित्रांच्या चोऱ्या झाल्या. संधी साधून भाव वाढविणारेही निघाले. कॅनडात पंचवीसहून अधिक माणसे दगावली; त्यांत बंद जागेत पेटविलेल्या चुली व जनित्रे ह्यांच्या विषारी वायूने गेलेले होते, आगीत आणि थंडीत सापडलेलेही होते. विस्तव वापरण्याची विद्या एका पिढीत विसरते, हे त्यावरून दिसते.

खेड्यांच्या मनात सल राहिला तो निराळाच. ९ जानेवारीस माँट्रियलच्या जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली आणि महानगर पाण्यावाचून राहण्याचा धोका उभा ठाकला. साहजिकच सर्व बळ तिकडे वळले. पुढेही मुख्य वाहिनी आधी, गावाची वाहिनी नंतर, आणि तीन घरांच्या शेतवाटेवरची तार सर्वांत शेवटी, असाच क्रम राहिला. सुमारे १६,००० सैनिक मदतीस उतरले, अमेरिकेतून तारकाम करणारे आले, तरीही. हिशेब म्हणून तो क्रम बिनचूक होता. परंतु तिसऱ्या आठवड्यात मेणबत्तीपाशी बसलेल्या माणसास, क्षितिजावर शहराचा उजेड दिसत असता, तो हिशेब कोणी पटवावा?

शेवटची घरे उजळली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पुढे रोजे निकोले ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. विजेच्या जाळ्यास अधिक वाटा ठेवण्यात आल्या आणि ठराविक अंतरावर असे भक्कम मनोरे उभे केले गेले, की एकामागून एक कोसळण्याची रांग तेथेच थांबावी. मॅपलच्या राया मात्र आयोगाने सुधारण्याजोग्या नव्हत्या. रस काढण्याजोगे झाड व्हावयास चाळीसएक वर्षे लागतात. त्या मार्चमध्ये शेतकरी आपापल्या रायांत गेले आणि ज्या खोडांना निम्मा तरी शेंडा उरला होता त्यांना नळ्या लावून पाहिल्या.