दुपारी एकपर्यंत

जानेवारी २००१, बाल्टिमोर. अंघोळीच्या कढत पाण्याने भाजलेली दीड वर्षांची जोसी किंग जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बाल अतिदक्षता विभागात दाखल झाली. अशा बाळाच्या हातापायांच्या बारीक शिरा औषध-पाण्याचा मारा सोसत नाहीत, म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सेंट्रल लाईन घालतात. जंतूंनाही तीच वाट सापडते. जोसीच्या लाईनला संसर्ग झाला. जखमा मात्र भरत आल्या होत्या.

मृत्यूपूर्वी आठवडाभर. लाईन काढली. उलट्या-जुलाब सुरू झाले. शिरेतून पाणी देण्याचा हुकमी मार्ग गेला होता आणि शरीरातलं पाणी वाहून चाललं होतं.

हृदय थांबलं त्याच्या आदली रात्र. पेला दिसला की जोसी किंचाळायची; पाणी देऊ नका, असं आईला बजावलेलं. अंग पुसताना तिने ओलं फडकं अधाशासारखं चोखलं. निजवताना डोळे वर फिरले. आई सॉरेल म्हणाली, डॉक्टरांना बोलवा. मुलं असं करतात, सगळं ठीक आहे, असं एक नर्स म्हणाली; दुसरीनेही तेच सांगितलं. तुम्ही घरी जाऊन झोपा. रात्रीत सॉरेलने दोनदा फोन केला.

पहाटे ५.३०. परतलेल्या आईने लेकीला पाहताच डॉक्टरांसाठी हट्ट धरला. वेदनाशामक नार्कोटिक औषधांचा अंमल उतरवणाऱ्या नार्कनची दोन इंजेक्शनं दिली गेली. पिण्याची परवानगी मिळताच जोसी जवळपास लिटरभर रस घटाघटा प्यायली. या साऱ्या क्रमात मला हीच नोंद सर्वाधिक छळते. एवढ्याशा जिवाची ती तहान म्हणजेच निदान होतं, आणि आई ते आदल्या रात्रीपासून सांगत होती.

सकाळ. नार्कोटिक द्यायचं नाही, असा तोंडी आदेश निघाला. मूल तरतरीत झालं.

दुपारी १. नर्स मेथाडोन या नार्कोटिकची सिरिंज घेऊन आली. आईने आदेशाची आठवण दिली. आदेश बदललाय, असं उत्तर आलं. औषध दिलं गेलं. आई पाय चोळत असतानाच जोसीचं हृदय थांबलं.

२२ फेब्रुवारी. जोसी गेली. दोन दिवसांनी ती घरी जायची होती.

त्याच रुग्णालयातले डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी लाईनसंबंधीच्या पाच खबरदाऱ्यांची यादी राबवली: हात धुणं, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणं, जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच लाईन काढणं. मिशिगनच्या शंभरावर अतिदक्षता विभागांत दीड वर्षात लाईनचे संसर्ग सुमारे दोन-तृतीयांशांनी घटले. पण आईचं म्हणणं ऐकून घेण्याची सोय त्या यादीत नव्हती. ती २००५ साली पिट्सबर्गच्या शेडीसाइड रुग्णालयाने केली, जोसीचीच घटना समोर ठेवून: नातेवाइकाने स्वतः फोन केला की तातडीचं पथक खाटेपाशी येतं.